खांबावरचा माणूस आणि त्याचा परवाना

दिवाळीच्या चार दिवसांत घरोघर किती दिवे लागतात, याचा हिशेब कुणी ठेवीत नाही. पणत्यांचे तेल आई मोजते, आकाशकंदिलाचे कागद मुले मोजतात. पण भिंतीमागून मुकाट्याने येणारी वीज कुणाच्या हातांतून आपल्या घरापर्यंत पोहोचली, हे विचारण्याची वेळ येते ती ऐन लक्ष्मीपूजनाला दिवे गेल्यावर. मग साऱ्या आळीला एकाच माणसाची आठवण होते. "अहो, त्या वायरमनला कुणी तरी बोलवा रे!" अशी हाकाटी होते. तो येतो, खांबावर चढतो, अंधारात काही तरी करतो आणि दिवे लागतात. पोरे टाळ्या पिटतात. तो खाली उतरेपर्यंत त्याला सगळे विसरलेलेही असतात.

मी पेशाने शाळामास्तर. कादंबऱ्या लिहिण्याचा नाद आहे, पण पोटापाण्याचा धंदा म्हणजे मुलांना शिकवणे आणि त्यांच्या परीक्षा घेणे. स्वतः मी मॅट्रिकच्या पुढे गेलो नाही, म्हणून परीक्षा या वस्तूविषयी मला आदर आहे आणि थोडा रागही आहे. खांबावर चढणाऱ्या माणसाचीसुद्धा सरकार परीक्षा घेते, त्याला परवाना देते, त्या परवान्याला मुदत असते, हे जेव्हा मला प्रथम कळले, तेव्हा साहजिकच कुतूहल वाटले. आमच्या परीक्षेत पोरगा नापास झाला तर त्याचे वर्ष जाते. या परीक्षेतला विषय ज्याला आला नाही, त्याचा जीव जातो. अशी परीक्षा मुळात कुणाला सुचली, केव्हा सुचली आणि ती सुचण्याआधी किती माणसे कामी आली, याचा शोध घेता घेता जे हाती लागले, ते वाचकांपुढे ठेवतो.

*

आधी शब्दाचा घोटाळा निस्तरला पाहिजे. आमच्या खेड्यात विजेशी संबंध आलेला प्रत्येक माणूस 'वायरमन' असतो. घरात बटण बसवणारा वायरमन, विहिरीवरचा पंप जोडून देणारा वायरमन आणि अकरा हजार व्होल्टच्या तारेखाली पट्टा बांधून लोंबकळणाराही वायरमनच. कायदा मात्र या दोघांना वेगळे ओळखतो. घरातल्या, दुकानातल्या, कारखान्यातल्या तारांचे काम करणारा तो तारतंत्री. सरकारी मराठीने त्याला दिलेले हे नाव मला फार आवडते, वीणेच्या कुळातले वाटते. आणि खांबापासून खांबापर्यंत जाणारी वाट जो सांभाळतो, तो लाइनमन. तारतंत्र्याला राज्य सरकारचा परवाना लागतो. लाइनमन हा वीज पुरवणाऱ्या संस्थेचा नोकर असतो आणि अमक्या कामाला अमका माणूस अधिकृत आहे, अशी लेखी नोंद त्या संस्थेने ठेवायची असते. दोघांची वाट निराळी, पण दोघांच्याही मागे एकच तत्त्व उभे आहे: ज्याला ठाऊक नाही, त्याने हात लावू नये.

हे तत्त्व आज इतके साधे वाटते की ते कुणाला शिकवावे लागले असेल, हेच खरे वाटत नाही. पण ते शिकायला जगाला प्रेते मोजावी लागली.

*

मुंबईत विजेचा दिवा प्रथम लागला तो १८८२ साली, क्रॉफर्ड मार्केटात. ज्या कंपनीने तो लावला, तिचे दिवाळे पुढच्याच वर्षी वाजले आणि मुंबईकर पुन्हा गॅसच्या दिव्यांकडे वळले. तेव्हा विजेची भीती कुणाला वाटण्याचे कारण नव्हते. लोक तिच्याकडे सर्कशीतल्या जनावराकडे पाहावे तसे पाहत होते. तारांची सवय मात्र देशाला झाली होती. तारायंत्राच्या तारा गावोगाव गेल्या होत्या, आणि त्या तारेला हात लावला म्हणून कुणी मरत नव्हते. नेमका इथेच घात होता. जुन्या तारेवर तयार झालेला माणूस नव्या तारेकडेही त्याच विश्वासाने पाहत असे.

न्यू यॉर्क शहरात ही गोष्ट ११ ऑक्टोबर १८८९ रोजी भर दुपारी साऱ्या जगाला दिसली. जॉन फीक्स नावाचा वेस्टर्न युनियन या तार कंपनीचा लाइनमन एका गजबजलेल्या चौकात खांबावर चढला होता. तारायंत्राच्या निरुपयोगी तारा काढून टाकायचे साधे काम. त्या तारा मेलेल्या आहेत, अशी त्याची समजूत. आणि ती समजूत तशी चुकीची नव्हतीही. पण त्यांतलीच एक तार दूर कुठे तरी दिव्यांच्या जबर दाबाच्या तारेला टेकली होती. फीक्सचा हात त्या तारेवर पडला आणि तो तारांच्या जाळ्यात अडकून राहिला. जेवणाच्या सुटीत बाहेर पडलेले शेकडो लोक खाली उभे राहून पाहत होते, आणि वर जाण्याचे धैर्य कुणाला होत नव्हते. लोकांनी त्याच्या विधवेसाठी तिथल्या तिथे पेटी ठेवून पैसे जमवले. त्यानंतर थोड्याच महिन्यांत शहराने धोकादायक तारा तोडायला आणि खांब उपटायला सुरुवात केली.

पण तारा जमिनीखाली नेल्या म्हणून माणूस शिकत नाही. त्याला शिकवणारे कुणी तरी हवे. १८९१ साली सेंट लुई शहरात तारांवर काम करणाऱ्या काही मजुरांनी आपला संघ स्थापला. त्याचा पहिला अध्यक्ष हेन्री मिलर हा स्वतः लाइनमन होता. तो मालगाड्यांतून फुकटचा प्रवास करीत गावोगाव हिंडला आणि त्याने मजुरांना एकत्र आणले. धड मजुरी मिळावी आणि पोरांना धडपणे उमेदवारी करून हे काम शिकायला मिळावे, या संघाच्या मागण्या होत्या. १८९६ साली वॉशिंग्टनमध्ये खांबावर काम करताना मिलरला विजेचा धक्का बसला, तो खाली कोसळला आणि मरण पावला. संघाचा पहिला अध्यक्षच असा गेला. यापेक्षा अधिक बोलके प्रमाणपत्र त्या धंद्याला कोण देणार होते?

*

आपल्याकडे कायदा तसा लवकर आला. माणसांचे आणि मालमत्तेचे विजेपासून रक्षण व्हावे, म्हणून १८८७ सालीच हिंदुस्थान सरकारने एक छोटासा कायदा केला. तेव्हा देशात रक्षण करावे एवढी वीजही नव्हती. पुढे १८९७ साली दार्जिलिंगजवळ पाण्यावर वीज निघाली. १९०२ साली म्हैसूर संस्थानात शिवसमुद्रमच्या धबधब्यापासून कोलारच्या सोन्याच्या खाणींपर्यंत सुमारे ९२ मैलांची तार ओढली गेली. १९०५ साली मुंबईत वीज आणि ट्रामचा धंदा करणारी कंपनी निघाली आणि १९०७ साली विजेची ट्राम रस्त्यावर धावली. १९१५ साली खोपोलीच्या टाटांच्या वीजघरातून सह्याद्रीचे पाणी विजेच्या रूपाने परळला पोहोचले आणि गिरण्यांचे पट्टे फिरू लागले. घाट उतरून, खाड्या ओलांडून येणाऱ्या त्या तारा ज्यांनी ओढल्या, त्या मजुरांची नावे कुठल्याही कोनशिलेवर नाहीत. बटण दाबणाऱ्या लाटसाहेबांचे नाव मात्र इतिहासात आहे.

कायदाही मागोमाग वाढत गेला. १९०३ साली एक कायदा झाला, आणि तो पुरेना म्हणून १९१० साली दुसरा. या १९१० च्या कायद्याने पुढे जवळजवळ शतकभर देशाच्या विजेवर राज्य केले. त्याने विद्युत निरीक्षक नेमण्याची सोय केली, अपघाताची वर्दी देणे सक्तीचे केले आणि नियम करण्याचा अधिकार सरकारला दिला. १९२३ साली कामगारांच्या नुकसानभरपाईचा कायदा आला. त्यात ज्या धोक्याच्या धंद्यांची यादी आहे, तीत विजेच्या उघड्या तारा आणि खांब उभारणारा, दुरुस्त करणारा, उतरवणारा माणूस नावानिशी घातलेला आहे. या माणसाचे मरण हे दैव नव्हे, ती धंद्याची जोखीम आहे आणि तिचे मोल मालकाने दिले पाहिजे, असे शंभर वर्षांपूर्वी सरकारने कबूल केले, ही मला फार मोठी गोष्ट वाटते.

आणखी एक योग सांगण्यासारखा आहे. १९४२ ते १९४६ या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते, आणि विजेचा कारभारही त्याच खात्याकडे होता. युद्धानंतर देशाच्या विजेचे धोरण काय असावे, हे ठरवणाऱ्या समितीचे अध्यक्षपद १९४३ साली त्यांच्याकडेच होते. कामगार आणि वीज यांचा विचार एकाच टेबलावर व्हावा, हा निव्वळ कारकुनी योगायोग असेल. पण खांबावर चढणाऱ्या माणसाच्या दृष्टीने पाहिले, तर याहून योग्य वाटणी दुसरी नव्हती. त्या विचारातूनच पुढे १९४८ चा वीजपुरवठ्याचा कायदा आला, आणि त्या कायद्याखाली २० जून १९६० रोजी आपले महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ जन्मले.

*

आता मूळ परीक्षेकडे वळू. १९३७ साली देशाला विद्युत नियम मिळाले. त्यांच्या जागी १९५६ साली नवे नियम आले. त्यांतला ४५ वा नियम हा आपल्या कथेचा नायक. तो म्हणतो, विजेच्या मांडणीचे कोणतेही काम, मग ते नवे असो, वाढीव असो, दुरुस्तीचे असो, तीन अटींवाचून होऊ नये. ते काम घेणारा कंत्राटदार राज्य सरकारचा परवानाधारक हवा. त्यावर देखरेख करणाऱ्याजवळ पात्रतेचे प्रमाणपत्र हवे. आणि प्रत्यक्ष हात लावणाऱ्याजवळ सरकारने दिलेला किंवा मान्य केलेला परवाना हवा. दिवा बदलणे, फ्यूज घालणे, पंखा किंवा बटण बदलणे एवढी घरगुती कामे मात्र कुणालाही मोकळी ठेवली आहेत. नियम करणाऱ्या कुणाला तरी घरसंसाराचा अनुभव असला पाहिजे, नाही तर उडालेला बल्ब बदलायलाही आपल्याला अर्ज करावा लागला असता!

त्याच नियमांत आणखी पुष्कळ काही आहे, आणि गद्य रुक्ष असले तरी वाचताना माणसाचा जीव डोळ्यांपुढे ठेवून ते लिहिलेले आहे, हे जाणवते. तार रस्ता ओलांडत असेल तर तिचा सर्वांत खालचा भाग घरगुती दाबासाठी जमिनीपासून निदान ५.८ मीटर आणि मोठ्या दाबासाठी ६.१ मीटर उंच हवा. हा आकडा वाचताना माझ्या डोळ्यांपुढे उसाने शिगोशीग भरलेली गाडी येते आणि वर बसलेले पोर येते. लाइन हाताळण्यापूर्वी ती बंद करून जमिनीशी जोडलीच पाहिजे. काम करणाऱ्याला हातमोजे, रबरी बूट, पट्टा, शिडी, शिरस्त्राण ही साधने दिलीच पाहिजेत. कारखान्यांत आणि उपकेंद्रांत विजेचा धक्का बसलेल्या माणसाला कसे सावध करावे, याच्या सूचना जिल्ह्याच्या लोकभाषेतही लावल्याच पाहिजेत. तो तक्ता पुष्कळांनी पाहिला असेल. एक माणूस पडला आहे, दुसरा त्याच्यावर वाकला आहे, आणि काच धुळीने माखलेली आहे.

परीक्षा या नियमांचीच. राज्याचे अनुज्ञापक मंडळ ती घेते. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत दोन वर्षे घालवणाऱ्या पोरांना हे शिक्षण रीतसर मिळते. आमच्याकडे दहावीची पायरी चढता न आलेली कित्येक पोरे तारतंत्रीच्या वर्गात जातात. माझा असाच एक विद्यार्थी. माझ्या वर्गात त्याने भूगोलात भोपळा मिळवला होता. पुढे तो तारतंत्री झाला, मग खांबावरच्या कामाला लागला. एकदा घरी आला तेव्हा मी त्याला सहज विचारले,

"काय रे, तुमच्या तोंडी परीक्षेत विचारतात तरी काय?"

"गुरुजी, मला एकच प्रश्न तीनदा विचारला," तो म्हणाला. "माणूस तारेला चिकटलाय, तुम्ही शेजारी उभे आहात, पहिल्यांदा काय कराल? माझ्या आधीचा पोरगा म्हणाला, त्याला ओढीन. त्याला बसवलं बाजूला."

"आणि तू काय सांगितलंस?"

"प्रवाह बंद करीन. मग विचारलं, बटण सापडलं नाही तर? कोरड्या लाकडानं तार दूर करीन. मग विचारलं, तो तुमचा भाऊ असला तर? मी म्हटलं, साहेब, तरी पहिल्यांदा प्रवाहच बंद करीन."

मी गप्प बसलो. भूगोलात भोपळा मिळवणाऱ्या या पोराची अशी परीक्षा मी कधी घेतली नव्हती.

त्यानेच मला विजेचे मोजमाप समजावले. शंभर वॅटच्या जुन्या बल्बमधून अर्ध्या अँपिअरहून थोडा कमी प्रवाह वाहतो. त्याच्या चौथ्या हिश्शाएवढा प्रवाह काळजातून गेला, तरी काळजाचा ठोका चुकून माणूस संपू शकतो. "म्हणजे गुरुजी," तो म्हणाला, "आम्हांला मारायला अकरा हजार लागत नाहीत. तुमच्या देवघरातला दिवासुद्धा पुरतो."

*

मंडळाच्या स्थापनेनंतरचा काळ हा लाइनमनच्या पराक्रमाचा काळ होता. १९६२ साली कोयनेची वीज सुरू झाली. ज्या गावांत रॉकेलच्या चिमणीखाली पिढ्या गेल्या, तिथे खांब पोहोचले. सिमेंटचे जड खांब बैलगाडीने ओढून नेले, खड्डे पहारीने खणले, तारा खांद्यावरून ओढल्या. खेड्यातल्या म्हाताऱ्या माणसांना पहिला दिवा लागल्याचा दिवस पुढे जन्मभर आठवत असे. आज त्या मंडळाचे नाव राहिलेले नाही. २००३ साली विजेचा नवा कायदा आला, १९१० आणि १९४८ चे दोन्ही कायदे गेले, आणि २००५ साली मंडळाच्या निरनिराळ्या कंपन्या झाल्या. १९५६ च्या नियमांची जागा २०१० साली केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या विनियमांनी घेतली, आणि त्यांची जागा २०२३ च्या विनियमांनी. कागद बदलले, पण ४५ व्या नियमातले बीज राहिले. २०१० च्या विनियमांत तर वितरणाच्या कामावरील तंत्रज्ञाजवळही औद्योगिक प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र हवे, असे स्पष्टच म्हटले. खांबावरच्या माणसाच्या शिक्षणालाही असे लेखी बळ मिळाले. महावितरणने आपल्या लाइनमनला 'जनमित्र' हे गोड नावही दिले.

पण नावाने पोट भरत नाही आणि कागदाने धक्का अडत नाही. विजेच्या धक्क्याने देशात दरवर्षी दहा हजारांहून अधिक माणसे मरतात, असे सरकारी नोंदीच सांगतात. त्यांत शेतकरी आहेत, बाया आहेत, पोरे आहेत, आणि खांबावरचे मजूरही आहेत.

खांबावरचा माणूस मरतो कसा, हे कळण्यासाठी त्याच्या कामाची रीत ठाऊक हवी. वर चढण्यापूर्वी त्याने उपकेंद्रातून 'लाइन क्लिअर' घ्यायचा असतो. म्हणजे ही तार बंद केली आहे आणि तुम्ही परत कळवीपर्यंत ती चालू होणार नाही, असे लेखी वचन. मग तार खरोखर मेली आहे का, हे तपासायचे. मग तिला जमिनीशी जोडायचे, आणि ते कामाच्या दोन्ही बाजूंना. एकाच बाजूला का नाही? कारण गावात कुणाकडे तरी जनित्र असते. वीज गेली की तो ते सुरू करतो, आणि जोडणी चुकीची असली तर त्याची वीज उलटी तारेत शिरते. रोहित्र, ज्याला आपण डीपी म्हणतो, ते अकरा हजारांची वीज उतरवून घरगुती करते. तेच उलट्या वाटेने आलेल्या घरगुती विजेला चढवून पुन्हा हजारोंच्या घरात नेते. लग्नाच्या मांडवातल्या जनित्राने दोन मैलांवरच्या खांबावरचा माणूस मरू शकतो. मांडवात सनई वाजत असते आणि त्यांना कधी कळतही नाही.

माझ्या विद्यार्थ्याने सांगितलेली एक हकीगत सांगतो. एका तालुक्याच्या गावी कंत्राटदाराची टोळी काम करीत होती. परवाना एकाच्या नावाचा होता आणि वर चढला होता दुसराच, हेल्पर म्हणून रोजंदारीवर घेतलेला, कुठलीही परीक्षा न दिलेला एक तरणा पोरगा. तार बंद होती, पण जमिनीशी जोडलेली नव्हती; घाई होती, आणि जोडायची साखळी गाडीत राहिली होती. संध्याकाळी त्याच्या गावी गाडी गेली ती त्याला घेऊनच. पुढे प्रश्न निघाला की तो वर चढायला अधिकृत होता का? नव्हता. मग वर का चढला? या प्रश्नाचे उत्तर द्यायला तो नव्हता, आणि ज्यांनी त्याला चढवला ते देत नव्हते.

परवान्याचा खरा अर्थ मला इथे कळला. आपण समजतो, परवाना म्हणजे काम करण्याची मुभा. तो नाही म्हणण्याचाही अधिकार आहे. ज्याने नियम शिकून परीक्षा दिली, तो खांबाखाली उभा राहून मुकादमाला म्हणू शकतो, "साखळी आणा, मग चढतो." ज्याने काहीच दिले नाही, ज्याला उद्याच्या रोजाची भ्रांत आहे, तो चढतो. सरकार परीक्षा घेते ती माणसाला गाळण्यासाठी आहे, असे मी पूर्वी मानीत असे. पुस्तकी परीक्षांचे तसे असेलही. पण ही परीक्षा दुबळ्या माणसाच्या हातात एक शब्द ठेवते, आणि तो शब्द म्हणजे 'थांबा'.

म्हणूनच परवाना ट्रंकेत ठेवून उपयोग नाही आणि एकाच्या परवान्यावर दहा जणांनी चढूनही उपयोग नाही. ३ जून २०२० रोजी कोकणात 'निसर्ग' वादळ आले, तेव्हा रायगड आणि रत्नागिरीत हजारो खांब आडवे झाले. महामारीचे दिवस, तोंडाला फडकी, वरून पाऊस, आणि चिखलात खांब उभे करणारी माणसे बाहेरच्या जिल्ह्यांतून आलेली. गावकरी वीज कधी येणार म्हणून चिडत होते, आणि तेही साहजिकच होते. अशा वेळी घाई करणारे हजार असतात आणि 'थांबा' म्हणणारा एकच असतो. त्या एकाच्या म्हणण्याला आपण मान दिला, तर त्याची लेकरे दिवाळीला पोरकी होत नाहीत.

वाचकहो, सणाच्या अंकात मरणाच्या गोष्टी कशाला, असे कुणी म्हणेल. पण आपल्या करण्यासारखे काम फार थोडे आणि फार सोपे आहे. घरी तारांचे काम निघाले, तर स्वस्त मिळतो म्हणून कुणालाही बोलावू नका, "तुमचा परवाना दाखवता का?" असे सरळ विचारा. ज्याच्याजवळ तो आहे, त्याला या प्रश्नाचा राग येत नाही, उलट तो खिशातून काढून अभिमानाने दाखवतो. जनित्र बसवाल, तर त्याची वीज बाहेरच्या तारेत जाणार नाही अशी जोडणी करून घ्या. आणि सणाच्या रात्री दिवे गेले, खांबावर कुणी चढलेले दिसले, तर खालून ओरडून त्याला घाई करू नका. त्याला आपली साखळी बांधू द्या. दिवे पाच मिनिटे उशिरा लागले, तरी लक्ष्मी काही रुसून जाणार नाही.